हाडं दुखतात म्हणून स्कॅन केला, निघाला ब्लड कॅन्सर: स्कॅनवर अक्यूट ल्युकेमिया कसा ओळखतात, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपूरला न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे, म्हणजे पेशंटला औषधाची सुई देऊन मशीनखाली झोपवायचं आणि फोटो काढायचे हे माझं काम, रिपोर्ट डॉक्टर लिहितात. गाव माझं दारव्हा तालुक्यात. त्यामुळे यवतमाळ, वाशीम, चंद्रपूर, गडचिरोलीकडून कोणी आलं की बाहेरच्या बाकावर बसून तेच तेच प्रश्न विचारले जातात, आणि ते प्रश्न खरंच महत्त्वाचे असतात, घाईघाईत नीट उत्तर देता येत नाही. म्हणून इथं सविस्तर लिहून ठेवतोय. हे वाचून घरी निदान करू नका, पण डॉक्टरला काय विचारायचं ते मात्र नक्की कळेल.

ब्लड कॅन्सर तर रक्ताचा, मग हाडं काऊन दुखतात?

कारण रक्त तयार होतं हाडाच्या आत. मटणाची नळी चोखताना जो गर निघतो ना, तोच मगज, डॉक्टर त्याला बोन मॅरो म्हणतात. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट सगळं तिथूनच येतं. अक्यूट ल्युकेमियात या मगजात कच्च्या पेशी भराभर वाढतात, त्यांना ब्लास्ट म्हणतात. शेतात तण माजलं की पऱ्हाटीला जागा राहत नाही तसं चांगल्या पेशींचं होतं. लाल पेशी कमी झाल्या की पोरगं पांढरंफटक पडतं, प्लेटलेट कमी झाल्या की हिरड्यातून रक्त येतं, अंगावर निळे डाग पडतात, चांगल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या की ताप हटत नाही. आणि आतून गर्दी झाली की हाडावर दाब येतो, हाडाचं वरचं आवरण ताणलं जातं, ते दुखतं. लहान मुलांमध्ये तर ढोबळमानानं तीनातल्या एकाला सुरुवातीलाच हाडं किंवा सांधे दुखतात. अक्यूट म्हणजे काय तर हे सगळं दिवसांत नि आठवड्यांत होतं.

न्यूक्लिअर स्कॅन म्हणजे एक्स-रेसारखंच ना?

नाही. एक्स-रे मशीन बाहेरून किरण सोडतं आणि हाडाचा आकार दाखवतं. आमच्याकडे उलटं आहे, किरण देणारं औषध शिरेतून पेशंटच्या अंगात जातं आणि मशीन फक्त बघत बसतं की ते कुठं जमलं. बोन स्कॅनला टेक्नेशियम-९९एम लावलेलं एमडीपी नावाचं औषध असतं, ते जिथं हाड नवं बनून राहिलं, जिथं रक्तपुरवठा वाढला, तिथं जास्त बसतं. सुई दिल्यावर दोन ते चार तास थांबायचं, पाणी प्यायचं, लघवीला जाऊन यायचं, मग वीस-पंचवीस मिनिटं निपचित झोपायचं.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर आहे. बोन स्कॅनला ल्युकेमियाच्या पेशी दिसत नाहीत. त्या आत मगजात, आणि आमचं औषध बसतं हाडावर. आतल्या गर्दीनं हाडाला जो त्रास झाला तेवढाच आम्हाला दिसतो. भिंतीला ओल आली की आत पाइप फुटला असं आपण समजतो, तसं.

पेट-सीटी हा आमच्याकडचाच दुसरा स्कॅन. त्यात औषध वेगळं, एफडीजी, म्हणजे किरण देणारी साखर. भुकेल्या पेशी ती साखर ओढतात. त्यामुळे पेटमध्ये मगज स्वतःच दिसतो.

बोन स्कॅनवर ल्युकेमिया नेमका कसा दिसतो?

एकच ठरलेलं चित्र नाही, हे आधी सांगतो. पण लहान मुलांत जे जास्त बघायला मिळतं ते असं की लांब हाडांच्या टोकाजवळचा भाग, मेटाफायसिस म्हणतात त्याला, तो दोन्ही बाजूंनी सारखाच जास्त उजळलेला असतो. मांडीच्या हाडाचं खालचं टोक, नडगीचं वरचं टोक, म्हणजे गुडघ्याच्या वर-खाली, मग घोटे, खांदे, मनगट.

आता गंमत नाही, अडचण अशी आहे की वाढत्या वयाच्या प्रत्येक मुलाच्या गुडघ्याजवळ स्कॅनवर उजेड असतोच, कारण हाड तिथूनच वाढतं. निरोगी पोराच्या स्कॅनवर ती वाढीची पट्टी कशी, सुरीनं कापल्यासारखी बारीक, कडा स्वच्छ. ल्युकेमियात ती कड पुसट होते, उजेड पट्टीतून ओघळून हाडाच्या दांड्याकडे पसरल्यासारखा दिसतो. आणि दोन्ही पाय सारखेच असल्यामुळे, म्हणजे तुलना करायला चांगली बाजूच नसल्यामुळे, नजर सरावाची नसेल तर हे सहज निसटतं. म्हणून पोरगं थोडंही हाललं की मी फोटो परत काढतो, हाललेल्या फोटोत चांगली कडसुद्धा पुसटच दिसते.

एक केस सांगतो, ओळख पटेल असं काही सांगत नाही. सहा वर्षांचं पोरगं, यवतमाळ जिल्ह्यातलं, दोन महिने झाले पाय दुखतात. आधी एक गुडघा, मग दुसरा, मग घोटा. गावात सांगितलं वाढीचं दुखणं आहे, मग एक्स-रे काढला, त्यात काही नाही, मग कोणी म्हणालं हाडात पू झाला असेल, बघून या, म्हणून बोन स्कॅनला आमच्याकडे पाठवलेलं. पायावर चादर टाकली तरी ते कळवळायचं. आजी सोबत होती, ती त्याच्या डोक्याशी उभी राहून सांगत होती, "हालू नको रे बाप्पा, झालंच हे, घरी गेल्यावर तुले गोऱ्ह्याले चारा टाकाले नेतो," आणि ते पोरगं डोळे मिटून पडून होतं. पडद्यावर हळूहळू ठिपके जमत गेले. पू झालेला असता तर एका जागी एक तेजस्वी डाग यायला हवा होता. इथं दोन्ही गुडघे सारखे, पुसट कडांचे, घोटेही तसेच, डावा खांदासुद्धा. आणि उजव्या मांडीच्या हाडात मधेच एक फिकट पट्टा, जिथं औषध बसायला हवं तिथं बसलंच नव्हतं.

मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी अर्धा मिनिट पडद्याकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "याचा सीबीसी कुठाय?" सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा रिपोर्ट. आजीनं खताच्या पिशवीसारख्या जाड पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. तीन आठवड्यांपूर्वीचा. हिमोग्लोबिन ७.८, प्लेटलेट ६२ हजार, दोन्ही कमी. कागद सगळीकडे फिरला होता, कोणी उघडलाच नव्हता. त्याच संध्याकाळी स्मिअर, म्हणजे काचेवर पसरवलेला रक्ताचा थेंब, पाहिला, ब्लास्ट होते.

तो फिकट पट्टा कशाचा?

ल्युकेमियात कधी कधी आत इतकी दाटी होते की हाडाच्या त्या भागाचा रक्तपुरवठाच तुटतो, तो भाग मरतो किंवा औषध तिथं पोचत नाही. त्याला रिपोर्टमध्ये फोटोपेनिक किंवा कोल्ड लीजन लिहितात. उजळलेले आणि फिकट दोन्ही एकाच मुलात सापडणं हा मोठा इशारा असतो. क्वचित आणखी एक प्रकार दिसतो, सगळं हाडच एवढं औषध ओढून घेतं की किडनी दिसतच नाहीत, त्याला सुपरस्कॅन म्हणतात. तो दुसऱ्याही आजारांत येतो.

स्कॅन नॉर्मल आला, म्हणजे ल्युकेमिया नाही ना?

असं अजिबात समजू नका, हात जोडून सांगतो. ल्युकेमिया असून बोन स्कॅन पूर्ण नॉर्मल येऊ शकतो, येतोच. एक्स-रेही नॉर्मल येतो. पोरगं पांढरं पडलंय, ताप येऊन राहिला, अंगावर डाग आहेत आणि हातात नॉर्मल स्कॅन आहे, तर त्या स्कॅनवर समाधान मानून गावी परत जाऊ नका.

पेट-सीटीत काय दिसतं मग?

पाठीचा कणा, कंबरेचं हाड, छातीचं हाड, इथला मगज मोठ्या माणसात नेहमी थोडा दिसतोच, पण यकृतापेक्षा फिका किंवा फार तर बरोबरीचा. ल्युकेमियात तो यकृतापेक्षा ठळक होतो आणि सगळीकडे सारखा पसरतो, मोठ्या माणसात एरवी ज्या मांडीच्या नि दंडाच्या हाडात नुसती चरबी असते तिथपर्यंत पोचतो. पाणथरी, म्हणजे प्लीहा, मोठी नि उजळ दिसते, कधी गाठी, कधी छातीत मधोमध मोठा गोळा, विशेषतः टी-सेल नावाच्या ल्युकेमियाच्या उपप्रकारात पोरगं झोपलं की धाप लागते ती त्या गोळ्यानंच. मुलग्यांमध्ये वृषण, कधी किडनी. अक्यूट ल्युकेमियाचे दोन मुख्य प्रकार, लिम्फॉइड आणि मायलॉइड. त्यातल्या मायलॉइड प्रकारात हिरड्या, कातडी किंवा मणक्याशेजारी ल्युकेमियाच्या पेशींची गाठच होते, तिला मायलॉइड सार्कोमा म्हणतात, आणि अशी मगजाबाहेरची गाठ शोधायला पेट खरंच कामाचं.

मेंदूचं मात्र पेटवर सांगता येत नाही कारण मेंदू स्वतःच भरपूर साखर खातो, तिथं सगळंच झगमगतं. ल्युकेमिया मेंदूच्या पाण्यात गेला का ते पाठीतल्या पाण्याच्या तपासणीतूनच कळतं.

रिपोर्टमध्ये "डिफ्यूज इनक्रीज्ड मॅरो अपटेक" लिहिलंय. कॅन्सर आहे का?

या एका ओळीनं मी घरंच्या घरं रडताना पाहिली आहेत, म्हणून जरा थांबून सांगतो. या ओळीचा अर्थ एवढाच की मगज जास्त काम करतोय. का करतोय, हे स्कॅन सांगत नाही. मगजाला कामाला लावणाऱ्या गोष्टी खूप आहेत. रक्त फार कमी असेल तर तो भरून काढायला धडपडतो. बी-१२ कमी असेल तर हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट तिन्ही पडतात आणि मगज स्कॅनवर उजळ दिसतो, म्हणजे कागदावर हुबेहूब ल्युकेमियासारखं, आणि उपाय काय तर बी-१२ ची इंजेक्शनं. आपल्याकडे हे किती कॉमन आहे हे कोणत्याही तालुक्याच्या फिजिशियनला विचारा. टीबी किंवा दुसरं इन्फेक्शन असेल तरी मगज उजळतो. किमो चालू असलेल्या पेशंटला पांढऱ्या पेशी वाढवायची सुई, जी-सीएसएफ, दिली असेल तर काही दिवस सगळा सापळाच पेटल्यासारखा दिसतो, त्यासाठी त्या सुईनंतर साधारण दोन आठवडे तरी सोडून पेट करतात. म्हणून सुई कधी घेतली ती तारीख आम्हाला सांगा, लपवू नका, विसरत असाल तर फाइलवर लिहून आणा.

आणि त्याच रिपोर्टच्या शेवटी "सजेस्ट क्लिनिकल कोरिलेशन" असं असतं ना, ते शोभेचं वाक्य नाही. डॉक्टर तुमच्या डॉक्टरला सांगून राहिले की याचा रक्ताशी, तपासणीशी मेळ घाला. त्या ओळीवर बोट ठेवून आपल्या डॉक्टरला विचारा, "साहेब, मेळ घातला का? स्मिअर पाहिला का?" विचारायला लाजू नका.

आमच्या घरात सिकलसेल आहे. हाडं तर त्यातही दुखतात. फरक कसा करायचा?

विदर्भात हा प्रश्न यायलाच पाहिजे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावतीकडे सिकलसेल भरपूर आहे, आणि सिकलसेलमध्ये लाल पेशी विळ्यासारख्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात, हाडाचा तुकडा उपाशी मरतो, पोरगं रात्रभर ओरडतं. त्या दिवसांत बोन स्कॅनवर तो भाग आधी फिकट दिसतो, मग हाड भरून यायला लागलं की तोच उजळतो. शिवाय सिकलसेलमध्ये मगज आयुष्यभर जास्तीचं काम करत असतो म्हणून गुडघे, घोटे, डोक्याची कवटी उजळ दिसू शकते. म्हणजे उजळ पण आहे, फिकट पण आहे, दोन्ही पायात आहे, आत्ताच वर ल्युकेमियाचं वर्णन वाचलं त्याच्याशी केवढं मिळतंजुळतं बघा.

थोडे धागेदोरे असतात. सिकलसेलची पाणथरी पुन्हा पुन्हा मार खाऊन आक्रसते, त्यात चुना साठतो, त्यामुळे बोन स्कॅनवर पाणथरीत औषध बसलेलं दिसतं, एरवी ती दिसत नाही. दुखणं अटॅकनं येतं, मधल्या काळात पोरगं बरं असतं, तर ल्युकेमियात ते चढतच जातं. पण खरा फरक परत रक्तातच. सिकलसेल ओळखायच्या रक्ततपासण्या, म्हणजे सॉल्युबिलिटी, मग एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, आणि सोबत स्मिअर. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन २०२३ मध्ये सुरू झालं, त्यात तपासण्या होतात, कार्ड मिळतं. ते कार्ड स्कॅनला येताना आणाच. आम्हाला सिकलसेल माहीतच नसेल तर रिपोर्ट लिहिणाऱ्यानं काय समजायचं?

आणि सिकलसेलवाल्या पोराचं दुखणं या वेळी वेगळं आहे असं आईला वाटत असेल, प्लेटलेट अचानक पडल्या असतील, तर "याले तर सिकलसेल आहेच" म्हणून सोडून देऊ नका.

मग पक्कं निदान होतं तरी कशानं?

सुरुवात सीबीसीनं. पण सीबीसीतही एक मेख आहे जी मला लॅबमधल्या मित्रानं समजावली. गावाकडच्या बऱ्याच लॅबमध्ये जे मशीन असतं ते पांढऱ्या पेशींचे तीनच भाग करतं, लिम्फ, मिड आणि ग्रॅन. ब्लास्टला त्या मशीनमध्ये खणच नाही, ते लिम्फ किंवा मिडमध्ये मोजले जातात. म्हणजे छापून आलेल्या कागदावर "लिम्फोसाइट ८५ टक्के" असतं आणि कोणी म्हणतं व्हायरल आहे. काचेवर रक्ताचा थेंब पसरवून, रंगवून, कोणीतरी माणसानं डोळा लावून बघितला की मगच कळतं, त्याला पेरिफेरल स्मिअर म्हणतात. पैसे फार लागत नाहीत. पांढऱ्या पेशी वाढलेल्याच असतील असंही नाही, नॉर्मल म्हणजे ४ ते ११ हजारांच्या आत किंवा कमीसुद्धा असतात, आणि काही मुलांच्या रक्तात ब्लास्ट उतरलेलेच नसतात, फक्त मगजात असतात.

म्हणून पुढची पायरी मगजाची तपासणी. कंबरेच्या मागच्या हाडातून, जागा बधिर करून, सुईनं थोडा मगज काढतात. निरोगी मगजात ब्लास्ट ५ टक्क्यांच्या आत असतात, २० टक्के किंवा जास्त निघाले की बहुतेक वेळा अक्यूट ल्युकेमिया ठरतो. मग फ्लो सायटोमेट्री नावाच्या तपासणीनं कळतं की लिम्फॉइड आहे की मायलॉइड, आणि क्रोमोसोमच्या तपासणीतून कोणतं औषध लागू पडेल ते. यातलं काहीही स्कॅन सांगू शकत नाही.

पाठीचं पाणी काढलं की माणूस लुळा होतो म्हणतात...

पहिली गोष्ट, मगजाची तपासणी आणि पाठीचं पाणी या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. मगज कंबरेच्या हाडातून काढतात, तिथं मज्जारज्जू नसतोच. पाठीचं पाणी कमरेच्या इतक्या खालून काढतात की मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. लुळं होण्याची भीती मनात बसलेली असते कारण ही तपासणी ज्यांची होते ते आधीच फार आजारी असतात, त्यातला कोणी पुढे खचला की दोष सुईवर जातो. या भीतीपायी रात्रीतून पोराला उचलून गावी नेलेले लोक मी पाहिलेत, म्हणून एवढं लिहिलं.

संधिवाताच्या गोळ्या चालू केल्या होत्या, बरं वाटलं होतं. मग ल्युकेमिया कसा?

बरं वाटलं म्हणूनच सावध व्हायला पाहिजे. त्या गोळ्यांत किंवा सुईत स्टिरॉइड असेल तर ते लिम्फॉइड ल्युकेमियाचंही औषध आहे. थोडंसं स्टिरॉइड गेलं की ब्लास्ट तात्पुरते मरतात, ताप उतरतो, दुखणं जातं, पोरगं खेळायला लागतं. आणि काही आठवड्यांनी आजार परत येतो, तोवर स्मिअर नि मगजाचं चित्र गढूळ झालेलं असतं, निदान लांबतं, उपचाराची आखणी अवघड होते. अकरा वर्षांची एक मुलगी अशीच आली होती, एका ठिकाणी महिनाभर स्टिरॉइड चाललेलं, आईकडे गोळ्यांची पाकिटं होती पण काय आहे ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. मुलांच्या सांधेदुखीत स्टिरॉइड सुरू करण्याआधी सीबीसी आणि स्मिअर झालाच पाहिजे, शंका असेल तर मगजसुद्धा.

आणखी एक, प्लेटलेट कमी असताना कुल्ल्यात सुई टोचून घेऊ नका. आत रक्त साकळून मोठी गाठ होते.

मग सरळ पैसे भरून पेटच करून घेऊ का, एकदाचं सगळं कळेल?

नको. अक्यूट ल्युकेमियात प्रत्येकाला पेट लागतच नाही. आधी रक्त, मग मगज, आणि डॉक्टरांना मगजाबाहेर गाठीचा संशय असेल तर पेट. महागड्या स्कॅनचा नंबर लागायची वाट बघत आठवडा घालवणं या आजारात परवडत नाही.

स्कॅन ठरलाच असेल तर तयारी काय करायची?

बोन स्कॅनला उपाशी राहायचं नाही, जेवून या, पाणी भरपूर प्या. पेटला चार ते सहा तास उपाशी, साधं पाणी चालतं, चहा चालत नाही, बिनसाखरेच्या नावाखाली दुधाचा पण नाही. रक्तातली साखर २०० च्या वर असेल तर स्कॅन पुढे ढकलावा लागतो, डायबेटिसवाल्यांनी गोळ्या-इन्शुलिनचं आधी फोन करून विचारा. आदल्या दिवशी मेहनतीचं काम करू नका. कापूस वेचून, पोती उचलून दुसऱ्या दिवशी आलं की खांद्याचे नि पाठीचे स्नायू साखर ओढून घेतात आणि चित्र बिघडतं. थंडीत अंग गरम ठेवा, थंडी वाजली तर मानेजवळची एक प्रकारची चरबी उजळते आणि ती गाठींसारखी दिसते. पोट राहण्याची शक्यता असेल, अंगावर दूध पाजत असाल, तर सुई देण्याआधीच सांगा.

आणि वेळेवर या. पेटच्या औषधाची ताकद दर ११० मिनिटांनी निम्मी होते. तुमच्या नावानं मोजून आणलेलं औषध तुम्ही बस चुकली म्हणून तीन तासांनी आलात तर तिसरा हिस्साही उरत नाही. सिरोंचा, भामरागडकडून येत असाल तर आदल्या रात्रीच पोचा.

किरणांचा धोका? घरी लहान लेकरू आहे.

टेक्नेशियम दर ६ तासांनी निम्मं होतं, म्हणजे चोवीस तासांत सोळावा हिस्सा. पेटचं औषध अकरा तासांत चौसष्टावा. किरणांचा डोस मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. बोन स्कॅनचा डोस मोठ्या माणसाला साधारण ४ ते ५ मिलिसिव्हर्ट, पेटच्या औषधाचा ७ च्या आसपास, वर सीटीचा वेगळा. तुलनेला, जमिनीतून, आकाशातून, अन्नातून प्रत्येकाला वर्षाला जगात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. मुलांचा डोस वजनाप्रमाणे कमी करतात. त्या दिवशी गरोदर बाईजवळ बसू नका, लहान लेकराला मांडीवर घेऊ नका, पाणी पीत राहा, लघवीनंतर भरपूर पाणी ओता. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं. भांडी, कपडे, अंथरूण वेगळं करायची गरज नाही, आजाऱ्याला वेगळं बसवायची तर मुळीच नाही.

उपचार सुरू करण्याआधी हृदयाचा स्कॅन सांगितलाय, तो कशाला?

किमोतली काही औषधं, डॉनोरुबिसिन, डॉक्सोरुबिसिन, हृदयाचं पंपिंग कमी करू शकतात. आधीचं पंपिंग किती ते माहीत असावं म्हणून मुगा स्कॅन करतात, त्यात लाल पेशींना टेक्नेशियम लावून हृदयाचे ठोके टिपतात. बऱ्याच ठिकाणी त्याऐवजी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात, तेही चालतं.

कोणत्या लक्षणांत एक दिवसही थांबायचं नाही?

नाका-हिरड्यातून रक्त थांबत नाही. अंगावर लाल सुईच्या टोकाएवढे ठिपके उठले आणि सोबत ताप. श्वास लागतो, गुंगी येते, डोकं फार दुखून उलट्या होतात. पोरगं चालायला नकार देतं, रात्री दुखण्यानं उठतं. आपल्याकडे ताप नि कमी प्लेटलेट म्हटलं की डेंग्यू, मलेरिया, स्क्रब टायफस आधी डोक्यात येतात आणि ते बरोबरच आहे, बहुतेक वेळा तेच निघतं. पण आठ-दहा दिवसांत प्लेटलेट वर यायला लागल्या नाहीत, हिमोग्लोबिनही घसरतंय, तर स्मिअर. मायलॉइडमधला एक प्रकार आहे, एपीएल, त्यात रक्तस्राव फार भयंकर होतो, पण एट्रा नावाची कॅप्सूल वेळेत सुरू झाली तर तोच प्रकार सगळ्यात चांगला बरा होणाऱ्यांपैकी आहे. तिथं तर डॉक्टर पक्क्या रिपोर्टची वाटही बघत नाहीत, संशयावरच सुरू करतात.

पैशाचं कसं करायचं? आमच्याकडं तर दोन एकर कोरडवाहू.

शेत विकायला काढण्याआधी आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत, दोन्हींत कॅन्सरचे उपचार आहेत, योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड, आधार लागतं. स्कॅन त्यात बसतो की नाही हे स्कॅनच्या आधी विचारा, नंतर विचारून उपयोग होत नाही. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबतच्या एकाला तिकिटात सवलत असते, हॉस्पिटलचा ठरलेला फॉर्म लागतो. मगजाची तपासणी सेवाग्रामच्या हॉस्पिटलला, नागपूरच्या मेडिकल कॉलेजला होते, थेट मुंबईला टाटात पळायची प्रत्येकाला गरज नाही.

ते सहा वर्षांचं पोरगं आता कसं आहे?

हा प्रश्न ही केस ज्यांना सांगितली ते सगळेच विचारतात. लिम्फॉइड निघाला. हा प्रकार मुलांमध्ये सगळ्यात जास्त, दोन ते पाच वर्षांच्या वयात विशेष, आणि पूर्ण उपचार घेतले तर बहुतेक मुलं बरी होतात. उपचार दोन-अडीच वर्षं चालतात, मधे सोडले तर आजार उलटतो. आजीनं एकदाही तारीख चुकवली नाही. मागच्या पोळ्याला तिचा फोन होता, पोरगं तान्हा पोळ्यात लाकडी बैल ओढत गावभर फिरलं म्हणे.

येताना सोबत काय आणू?

जुने सगळे सीबीसी, तारखेनं लावून, नॉर्मल आलेलेसुद्धा. एक्स-रेच्या फिल्म. घेतलेल्या प्रत्येक गोळीचं रिकामं पाकीट, गावातल्या डॉक्टरनं दिलेल्या पुडीतल्या गोळ्या असतील तर त्यातली एक. सिकलसेल कार्ड. रक्त चढवलं असेल तर तारीख. योजनेचे कागद. लहान पोरगं असेल तर त्याचं आवडतं पांघरूण, आणि जिचं ते ऐकतं अशी एक व्यक्ती, आई असो की आजी. स्कॅन झाल्यावर रिपोर्टसोबत सीडीही मागून घ्या, पुढच्या डॉक्टरला रिपोर्टपेक्षा फोटो बघायचे असतात, आणि ती सीडी उन्हात, बसच्या काचेजवळ ठेवू नका.